कूलरच्या ताट्या बदलताना लेकीलाही हाक मारा

पत्र

ताई, आम्ही नागपुरात मनीषनगरला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर सासूबाई तिला सांभाळतात. माझं माहेर काटोलजवळचं. लहानपणी संत्र्याच्या बागेकडे पाहिलं की वर्षाचा कितवा महिना आहे ते आम्हाला कळायचं. इथे माझी लेक एसीच्या खोलीतून गाडीत आणि गाडीतून शाळेत. परवा नर्सरीतून चार ऋतूंचा तक्ता करून आणायला सांगितला, त्यात बर्फाचा माणूस आणि तांबडी पानं. मी तिला विचारलं, आता कोणता ऋतू आहे? म्हणाली, 'विंटर'. बाहेर पारा अडतिसाला टेकलाय. फोनवर बघते तर बाकीच्या आया घरात दर महिन्याला ऋतूचं टेबल सजवतात. मीही सामान मागवलं, ते खोक्यातच पडून आहे. नवरा म्हणतो, एवढ्याशा पोरीला काय कळतं. सासूबाईंना यंदा गच्चीवर कुरडया घालायच्या आहेत, पण धूळ, ऊन, त्यात हिची लुडबुड, म्हणून मी नको म्हणते आहे. संध्याकाळी सात वाजता घरी पोचते. यात ऋतू कुठे बसवू?

उत्तर

सासूबाईंना कुरडया घालू द्या.

हे तुम्ही शेवटी, घरातली एक कटकट म्हणून लिहिलंय. मी मात्र सुरुवात तिथूनच करते, कारण तुम्ही जे शोधताय ते तुमच्याच गच्चीवर यायला निघालंय आणि तुम्ही त्याला नको म्हणताय. मी बालवाडीत बरीच वर्षं काढली, तेव्हा एवढं नक्की सांगते: साडेतीन वर्षांच्या मुलाला ऋतू दाखवायला गेलं तर त्याला तो दिसत नाही. त्या ऋतूचं घरात जे काम निघालेलं असतं, त्यातलं थोडंसं त्याच्या हाती दिलं तर दिसतो. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, सजावट लागत नाही, आणि सात वाजता घरी येणाऱ्या आईलाही ते जमतं.

कुरडयांचंच बघा. गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात. ते बदलायचं काम तुम्ही घरी आल्यावरचं ठेवा, तुमचं आणि लेकीचं. पहिल्या दिवशी तिच्या हातावर चार दाणे ठेवा, दाबून बघू दे. टणक लागतील. दुसऱ्या दिवशी फुगलेले असतील आणि पाण्याला आंबूस वास यायला लागला असेल. ती नाक मुरडेल, मुरडू दे. तिसऱ्या दिवशी तोच दाणा चिमटीत धरून दाबला की आतून पांढरा चीक बाहेर येतो. हे तिला दोनदा करून बघायचं असेल तर वीसदा करू दे, पाच-पन्नास दाणे वाया गेले तरी चालतील. मग गहू वाटून गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं. खाली बसलेला पांढराशुभ्र घट्ट थर तिला बोटाने खरवडून बघू द्या. चीक शिजवताना मात्र तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. गरम चीक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. तो थोडा निवला की वाटीत दूध-साखर घालून तिला द्या, किंवा तिखट चालत असेल तर तेल-तिखट घालून.

घालायच्या दिवशी सासूबाई ऊन चढायच्या आत गच्चीवर असतील. तुम्हीही ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास जा. सोऱ्यातून कुरडई पडते तेव्हा ओली, मऊ आणि जरा पारदर्शक असते. लेकीला त्यातली एकच दाखवून सांगा, ही तुझी. संध्याकाळी तुम्ही आलात की दोघी वर जा. तीच कुरडई आता कडक झालेली असेल, कापडावरून उचलली की खडखड वाजेल. मध्ये काय झालं हे सांगायची गरज नाही. दिवसभर तिथे ऊन होतं, बस. नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे, हे तक्त्यावरच्या पिवळ्या सूर्याने तिला कधी कळलं नसतं.

धुळीची काळजी रास्त आहे. वरून जुनी सुती साडी पसरा, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा. उन्हाची भीतीही खरी, म्हणून सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावर एवढीच तिची गच्ची. मधल्या वेळात ती घरात. आणि लुडबुडीचं म्हणाल, तर तिला नेमून दिलेलं काम नसलं की ती लुडबुड ठरते. वाळलेल्या कुरडया डब्यात भरायचं काम तिला द्या. तुटलेल्या वेगळ्या काढायच्या, त्या तिला खायला.

आता शाळेचा तक्ता. नर्सरीतल्या बाईंशी भांडू नका, त्यांच्याकडे छापील चित्रं येतात ती अशीच येतात. पण त्यातली एक गोष्ट घरी दुरुस्त करावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पानगळ ऑक्टोबरात नसते. तेव्हा पावसाने सगळं हिरवंगार असतं आणि वरून ऑक्टोबर हीट. आपली पानगळ आत्ता चालू आहे, माघ-फाल्गुनात. सेमिनरी हिल्सवर एखाद्या सकाळी जा, सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली करकरतील. त्याच सुमाराला पानं झडलेल्या पळसाला केशरी फुलं लागलेली असतात. काटोल रोडने माहेरी जाताना तुम्ही ती आयुष्यभर पाहिली आहेत. खाली पडलेली दोन-चार फुलं उचलून आणा. एक तक्त्यावर चिकटवा, तांबड्या पानांच्या शेजारी. बाकीची पाण्यात भिजत टाका, रात्रीतून पाणी पिवळं-केशरी होतं. सकाळी उठल्यावर लेकीने ते बघितलं की तक्त्याचं काम झालं.

सोसायटीच्या फाटकाजवळ कडुनिंब असेलच, नागपुरात बहुधा असतोच. या दिवसांत त्याची जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि पाठोपाठ तांबूस कोवळी पालवी फुटते. मग पांढरा बारीक मोहोर, जो पाडव्याला गुढीवर बांधतो. जूनमध्ये निंबोळ्या पिकून खाली सडा पडतो. गाडी लावली की वर जायच्या आधी दोन मिनिटं त्याच्याखाली थांबायचं, एवढंच करा. काही विचारायचं नाही. विशेषतः 'आता कोणता ऋतू आहे, सांग बरं' हे तर अजिबात नाही. त्या वयाला काल आणि परवा नीट वेगळे करता येत नाहीत, चार ऋतूंचा हिशेब ती कुठून देणार? 'विंटर' म्हणाली ते तक्ता पाठ झालाय म्हणून. त्याचं मनाला लावून घेऊ नका.

नवरा म्हणतो, तिला काय कळतं. ऋतू ही कल्पना कळत नाही, हे त्यांचं खरं आहे. पण खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास कळतो, थंडगार फरशी कळते, चीक कळतो. आणि दर वर्षी तेच घडलं की पाचव्या-सहाव्या वर्षी मूल आपण होऊन विचारतं, आता कूलरच्या ताट्या कधी बदलायच्या? हे मी बालवाडीतल्या मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. तेव्हा कूलरचं काम नवऱ्याकडे द्या आणि मदतनीस म्हणून लेकीला.

एसी आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. लहान मुलाला गार खोलीत ठेवणं हे शहाणपणच. पण बाहेरच्या खोलीत कूलर असेल तर तो यंदा थाटात सुरू करा. माळ्यावरून काढायचा, टाकी घासायची, बाजूंना बसवलेल्या गवताच्या जुन्या ताट्या काढायच्या. त्या मागच्या वर्षीच्या क्षारांनी कडक आणि पांढुरक्या झालेल्या असतात. लेकीला त्या एका हातात द्या आणि नव्या खसच्या ताट्या दुसऱ्या हातात. मग नव्या ताट्यांवर तिने मगाने पाणी ओतायचं. पहिल्यांदा पंखा लागतो आणि घरभर ओल्या खसचा वास पसरतो, त्या क्षणी तिला कूलरसमोर उभं करा, हाताच्या अंतरावर. नवा माठही त्याच आठवड्यात आणा. माठ बाहेरून ओलसर होतो ते तिला तळव्याने बघू द्या. माठ आणि कूलर दोघांचं काम एकाच रीतीने चालतं, पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं. हे ती पुढे शाळेत शिकेल, तेव्हा तिच्या तळव्याला आधीच माहीत असेल. आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला, हवा दमट झाली की कूलर नुसता वारा फेकतो, थंडावा देत नाही. घरात चिकचिक होते, सगळे कुरकुरतात. पाऊस घरात असाही शिरतो, हेही तिला कळू द्या.

कूलरबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरायचं ते प्लग काढूनच, बटण बंद करून नव्हे. चालू कूलरला लेकीने हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि मोठ्यांनाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तो रविवारचा कार्यक्रमही तिघांचा करा, पण प्लग काढल्यावर.

मेच्या शेवटी, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात तेव्हा, एक गंमत आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. गच्चीवर किंवा बाल्कनीत, जिथे थेट ऊन येतं तिथे, एक स्टीलचा पेला उपडा ठेवा. लेकीला टोपी घालून, पाणी पाजून पाच मिनिटांपुरतं न्या. आदल्या संध्याकाळी तिची लांबलचक सावली दाखवून ठेवलेली असू द्या, म्हणजे उद्या ती कुठे गेली असं ती विचारेल. जुलैत सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

दुपारभर सासूबाईंनी तिला काय करवावं हे मी सांगत नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. उकडलेली कैरी कोळणं मात्र तिच्या वाट्याला येऊ द्या. कोपरापर्यंत माखेल, माखू दे.

आता ते टेबलाचं सामान. मला ते आवडलं नाही, स्पष्टच सांगते. कापडी भोपळे आणि लाकडी मशरूम नागपुरात कुठल्या महिन्यात मांडणार? खोकं परत जात असेल तर परत करा, नसेल तर खेळायला द्या. मांडायचं असेल तर बाजारातून आणलेलं मांडा. रविवारी सकाळी बाप-लेकीला आठवडी बाजारात धाडा, लेकीच्या खांद्यावर तिची छोटी पिशवी. तिने एकच गोष्ट निवडायची, जी मागच्या रविवारी नव्हती. सध्या कवठं आहेत. मेमध्ये खिरण्या आणि टेंभरं ही रानफळं येतील, जूनमध्ये जांभळं, पावसात तरोट्याची कोवळी भाजी आणि काटवलं, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे शिंगाडे आणि सीताफळं. मॉलमध्ये सफरचंद बारा महिने सारखंच दिसतं. खिरण्यांची टोपली मात्र थोडे दिवस असते आणि मग वर्षभर नसते. एखाद्या रविवारी लेक खिरण्या मागेल आणि त्या संपलेल्या असतील, तेव्हा ती रडेल. लगेच दुसरं काही घेऊन समजूत काढू नका. संपल्या, पुढच्या उन्हाळ्यात येतील, एवढंच म्हणा. या रडण्यातून मूल वर्ष शिकतं, असं माझं मत आहे.

पावसाळ्यात फार काही करावं लागत नाही. भिजू द्या, मग कोरडं करून गरम काहीतरी द्या. सर्दी विषाणूने होते, सरीने नाही. विजा कडाडत असतील तर गच्ची नाही, आणि भरलेल्या नाल्याजवळ किंवा तलावाच्या काठी नाही. पोळ्याआधी महाल भागात लाकडी बैलांची दुकानं लागतात, तिथून लहानसा बैल तिला निवडू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हा आपल्या शहराचा लेकरांसाठीचा सण. बैल सजवायचा, घरोघर न्यायचा, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. ती पाहण्यासारखी आहे, पण गर्दी आणि ढोल लहानग्यांना झेपत नाहीत, आणखी दोन वर्षं थांबा. सोसायटीत चार-पाच मुली असतील तर भुलाबाईची मूर्ती बसवा. ज्वारीचे धांडे (ताटं) आणून मखर करायचा, कोजागरीपर्यंत संध्याकाळी गाणी म्हणायची आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. गाणी सासूबाईंना येत असतील. मुलींच्या येण्याची वेळही तुमच्या सातलाच जुळवता येईल.

थंडीसाठी मी एकच काम सुचवते: तुरीच्या शेंगा. डिसेंबर-जानेवारीत बाजारात ढिगाने येतात. रात्री जेवणाआधी जमिनीवर पेपर पसरून तिघी बसा आणि सोले, म्हणजे ओले दाणे, काढा. साडेतीन-चार वर्षांच्या बोटांना शेंग फोडणं सहज जमतं. सगळे दाणे सारखे निघत नाहीत, कुठे हिरवा, कुठे जांभळट छटेचा, एखाद्या शेंगेत हिरवी अळी निघते. किंचाळून फेकू नका. अळी वाटीत ठेवून तिला बघू द्या, किती खाल्लंय तिने आत ते बघू द्या, मग कुंडीत सोडा. निम्मे सोले भांड्यात, निम्मे तिच्या तोंडात, हे गृहीत धरून अर्धा किलो जास्त आणा. डिसेंबर २०१८ मध्ये इथे पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तेव्हा 'नागपूरला कुठली थंडी' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गोधड्या उन्हात टाकणं आणि त्या गरम झाल्यावर आत आणणं, हेही तिचं काम होऊ शकतं.

संक्रांतीला गच्चीगच्चीवरून 'ओ काट' ऐकू येईल. पतंग दाखवा, चक्री धरायला द्या. पण त्या आठवड्यात तिला दुचाकीवर पुढे उभी करू नका आणि स्वतःच्याही गळ्याभोवती जाड दुपट्टा गुंडाळा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो येतो आणि गळे चिरतो.

यातलं सगळं करायचं नाहीये. यंदा दोनच कामं पक्की धरा, कुरडया आणि ताट्या. पुढच्या वर्षी तीच दोन पुन्हा करा, नवीन काही शोधू नका. फोटो काढायचा असेल तर एक काढा आणि फोन बाजूला ठेवा. इतर आया काय मांडतात ते महिनाभर पाहिलं नाही तरी काही बिघडणार नाही. पत्रात तुमचा थकवा जागोजागी जाणवतो, आणि मला वाटतं तो या बघण्याने वाढतो आहे.

राहिलं काटोल. संत्र्याच्या भागात वाढलेल्या मुलीला मी बहार, म्हणजे झाडाचा फुलायचा हंगाम, काय सांगणार, पण तुमच्या लेकीला तो सांगणारं दुसरं कोणी नाही. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृग बहाराचं थंडी सरताना. चवीतही फरक असतो, तुम्हाला डोळे मिटून ओळखता येत असेल. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत आंबियाची फुलं लागली की तिला बागेत न्या. तो वास शहरात विकत मिळत नाही. यंदाची फुलं गेली, पण मृगाचं शेवटचं फळ अजून झाडावर असू शकतं. आज रात्री घरी फोन करून विचारा, तोड पूर्ण झाली का. नसेल तर हाच रविवार पकडा आणि तिच्या हाताने एक संत्रं तोडू द्या. देठाला कात्री लावायची, ओढायचं नाही, हे तिला तुमच्या वडिलांनी दाखवावं. कूलर सोमवारी उतरवता येईल.